शून्य रुपयांचे तिकीट : बेळगाव-निपाणी स्वस्तप्रवासमीमांसा

बेळगाव-निपाणी या मुलखाविषयी आजवर कागद काही थोडा खर्ची पडलेला नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. 1966 साली महाजन आयोग बसला, पुढच्या वर्षी त्याचा अहवाल आला, आणि 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. ठराव, निवेदने, नकाशे आणि शिष्टमंडळांचे फोटो यांची चळत रचली तर ती राजहंसगडाच्या तटाला लागावी. असे असूनही कागलच्या चार माणसांच्या कुटुंबाला बेळगावचा किल्ला, गोकाकचा धबधबा आणि कित्तूरचा पडका वाडा बघून परत यायला एकंदर किती पडते, आणि त्यातले आणखी किती वाचवता येतात, या मूलभूत प्रश्नाला हात घालणारा प्रबंध आमच्या पाहण्यात नाही. ही उणीव भरून काढणे भाग आहे. दिवाळीची सुट्टी जवळ आली की हा प्रश्न घरोघरी उपस्थित होतो, आणि शास्त्राचा आधार नसल्यामुळे भांडणावर संपतो.

आरंभ व्याख्येने व्हावा. ‘स्वस्त सहल’ कशाला म्हणावे? ‘जिला पैसे कमी लागतात ती’ असे म्हटले तर अतिव्याप्तीचा दोष येतो, कारण घरी झोपून काढलेला रविवारही त्या व्याख्येत बसतो. ‘जिच्यात लॉज घ्यावा लागत नाही ती’ म्हणावे, तर ज्यांचे बेळगावात कोणीच नाही ते बिचारे बाहेर पडतात आणि अव्याप्ती होते. (अर्थात कागल, गडहिंग्लज, चंदगड या पट्ट्यात असा माणूस सापडणे अवघड; निदान चुलत आत्याच्या नणंदेचे घर तरी वडगावात निघतेच.) ‘ठरवल्यापेक्षा कमी खर्चात होते ती’ ही तिसरी व्याख्या ऐकायला गोड आहे, पण तिला असंभव दोष लागतो, तशी सहल अजून कोणी पाहिलेली नाही. म्हणून आम्ही पुढील व्याख्या ग्राह्य धरतो : परत आल्यावर जिचा हिशेब घरात सर्वांसमक्ष मोठ्याने वाचता येतो, ती स्वस्त सहल.

पूर्वसूरींचा शोध घेता आम्ही डिसेंबर 1924 मध्ये जाऊन पोहोचतो. त्या महिन्यात बेळगावच्या टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी अध्यक्ष असलेले हे एकमेव अधिवेशन, म्हणून इतिहासकार त्याचे ठराव वाचतात. आम्ही जमाखर्च वाचतो. कारभारी होते गंगाधरराव देशपांडे. पाण्यासाठी त्यांनी विहीर खणून घेतली, तिला 4,370 रुपये आणि वर काही आणे लागले. गांधीजींसाठी बांबू आणि खादीची झोपडी उभारली, तिचे झाले 350 रुपये. गांधीजींना झोपडीचा थाट जास्त वाटला. त्याच सुमारास प्रतिनिधींची फी दहा रुपयांवरून एक रुपयावर आणण्यात आली. आणि एवढे सगळे होऊन अखेरीस 773 रुपये शिल्लक राहिले.

या आकड्यांवर भाष्य करण्याचा मोह आवरत नाही. हजारो माणसे आली, जेवली, पाणी प्याली, भाषणे करून गेली, आणि 773 रुपये उरले. आज चार माणसे बेळगावला जाऊन आली आणि 773 रुपये उरले, असा एकही पुरावा उपलब्ध नाही. दुसरी गोष्ट त्याहून सूक्ष्म आहे. साडेतीनशेच्या झोपडीवर कुरकुर झाली. चार हजारांच्या विहिरीवर झाली नाही. यावरून ‘जे मागे उरते त्यावरचा खर्च हा खर्चच नव्हे’ असे सूत्र निघते. झोपडी गेली; काँग्रेस विहीर आजही लोक बघायला जातात. याच सूत्राचा आधार घेऊन पुढे अनेक कुटुंबांतील स्त्रियांनी बेळगावच्या बाजारात स्टीलचे डबे खरेदी केले असून त्यांचे समर्थन या शास्त्राला खोडून काढता आलेले नाही.

आता मुख्य अधिकरण : तिकीट.

कोल्हापूर ते बेळगाव अंतर सुमारे 110 किलोमीटर. निपाणी त्याच्या अलीकडच्या टोकाला, कोल्हापूरहून चाळीसेक किलोमीटरवर. निपाणीला रेल्वे नाही, तेव्हा प्रश्न रस्त्याचाच उरतो. महाराष्ट्राने 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट केली आणि 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट. कर्नाटकाने 11 जून 2023 पासून ‘शक्ती’ योजना आणली : राज्यातल्या रहिवासी बायकांना सरकारी साध्या आणि एक्स्प्रेस गाड्यांतून राज्यभर फुकट. कंडक्टर तिकीट देतो, त्यावर रक्कम शून्य. दोन्ही सरकारांची उदारता हद्दीवरच्या कोगनोळीच्या आसपास येऊन थांबते. महाराष्ट्राची सवलत हद्दीपर्यंत, कर्नाटकाची हद्दीपासून. शेतातून बघितले तर इकडचा ऊस आणि तिकडचा ऊस सारखाच. इकडची म्हैस तिकडे चरते आणि तिला कोणी ओळखपत्र विचारत नाही. सीमा दिसत नाही. ती दिसते कंडक्टरच्या हातातल्या मशीनमध्ये. जो प्रश्न 1956 पासून दोन राज्ये, एक आयोग आणि एक न्यायालय यांना सुटलेला नाही, तो हा खाकी कपड्यातला गृहस्थ दर फेरीला टप्पा मोजून, रुपयापर्यंत सोडवतो आणि वर ‘पुढं सरका’ म्हणतो.

यातून निघणारा सोयरीकविषयक सिद्धान्त आजवर कोणी मांडलेला नाही. समजा, कागलची मुलगी निपाणीला दिली. आता ती कर्नाटकाची रहिवासी झाली. हद्दीच्या त्या बाजूला फुकट फिरते आणि माहेरी येताना हद्दीच्या या बाजूला अर्ध्या तिकिटात येते. उलट निपाणीची मुलगी कागलला आणली, तर आधार कार्डावरचा पत्ता बदलल्या दिवसापासून ती स्वतःच्या माहेरी पूर्ण तिकीट काढून उभी राहते. मुलगी तीच, रस्ता तोच, गाडीही बहुधा तीच. लग्नाला काही वर्षे उलटून गेली तरी आधारवरचा पत्ता बदलायला ‘बघू की, घाई काय हाय’ म्हणणाऱ्या निपाणीच्या लेकींच्या वर्तनाचा उलगडा मानसशास्त्रज्ञांना झालेला नव्हता. तो येथे होतो. बैठकीत कुंडली, हुंड्याचे आडून बोलणे आणि शेतीचा उतारा यांबरोबर हद्दीची बाजूही पाहावी, अशी आमची शिफारस आहे.

पुरुषाचे काय? पुरुष हे या समीकरणातले अचल पद आहे. तो पंच्याहत्तरीला पोहोचेपर्यंत, आणि पोहोचला तरी हद्दीपलीकडे, पैसे भरत राहतो. गणिती भाषेत सांगायचे तर कुटुंबातील पुरुषांची संख्या शून्याकडे नेली असता प्रवासखर्चही शून्याकडे झुकतो. सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला निघालेल्या बायकांनी हा निष्कर्ष आमच्या आधीच काढलेला असावा, असे गाड्यांतल्या गर्दीवरून दिसते.

येथे एक बारीक मुद्दा नोंदवून ठेवतो. जानेवारी 2025 मध्ये दोन्ही राज्यांनी भाडेवाढ केली. कर्नाटकाने 5 तारखेपासून 15 टक्के, महाराष्ट्राने 25 तारखेपासून 14.95 टक्के. म्हणजे इतकी वर्षे भांडणाऱ्या दोन सरकारांमध्ये प्रवाशाच्या खिशाबाबत मतभेद किती, तर 0.05 टक्के. शंभर रुपयांच्या तिकिटावर पाच पैसे. पाच पैशांचे नाणे चलनातून गेलेले असल्यामुळे हा मतभेद व्यवहारात मांडताही येत नाही.

पूर्वपक्ष असा की, एवढी यातायात कशाला, थेट कोल्हापूर-बेळगाव गाडीत बसावे. उत्तरपक्ष : थेट गाडीला शक्तीचा लाभ धरून चालू नये. म्हणून खंडप्रवास. कागलहून निपाणीपर्यंत एसटी किंवा वडाप (म्हणजे खासगी प्रवासी जीप), निपाणी स्टँडवर उतरून कर्नाटकाची गाडी. वडापाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत, कारण प्रबंधकार त्याला तुच्छ लेखतात. वडापवाला सवलत मानत नाही, वय मानत नाही, लिंगभेद मानत नाही आणि राज्यही मानत नाही. तो फक्त ‘माणशी’ मानतो. भारतीय संघराज्यातले ते एकमेव पूर्णपणे समतावादी वाहन असावे. त्याची वेळ ‘भरली की सुटते’ ही असून काळाची इतकी नेमकी व्याख्या आमच्या वाचनात दुसरी नाही.

हद्दीच्या या बारकाव्यांचा कायमस्वरूपी अभ्यास करायचा तर निपाणीबाहेर अर्जुननगरला जावे. देवचंद महाविद्यालय तिथे आहे. पत्ता तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, विद्यापीठ शिवाजी. निपाणीची पोरे रोज सकाळी परराज्यात शिकायला जातात आणि दुपारी भाकरी खायला स्वराज्यात परततात. परदेशी शिक्षणाचा इतका कमी खर्चाचा नमुना सापडणे कठीण.

स्वतःची गाडी असलेल्यांनी हे अधिकरण सोडून पेट्रोलाकडे वळावे. कर्नाटकात ते काही रुपयांनी स्वस्त असते, आणि हद्द ओलांडताच पंपांवरच्या पाट्या ते ओरडून सांगतात. यावर दोन संप्रदाय आहेत. रिक्तटाकी संप्रदायाच्या मते कोल्हापूरहून निघताना टाकीत फक्त कोगनोळीपर्यंत पुरेल इतकेच असावे. पूर्णटाकी संप्रदाय म्हणतो, वाचतील त्याहून जास्त पैसे गाडी कागलच्या अलीकडे बंद पडल्यावर मेकॅनिकला द्यावे लागतील. दोन्ही संप्रदायांत विद्वान आहेत. फरक एवढाच की पहिल्यातले विद्वान अधूनमधून गाडी ढकलताना दिसतात.

मुक्कामाचा प्रश्न या भागात उद्भवू नये, पण उद्भवतो. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बेळगावला भरले की लॉजवाल्यांचे दर अधिवेशनासारखेच तापतात. तेव्हा नातेवाईक. बेळगावच्या नातेवाइकाला नुसते कळवायचे असते की आम्ही येतोय, लॉज बघून ठेवा. पुढचे वाक्य ठरलेले : ‘लॉजवर? आणि आमी काय मेलोय काय ओ?’ या वाक्याची बाजारातली किंमत दोन खोल्यांचे एका रात्रीचे भाडे अधिक सकाळचा नाश्ता इतकी आहे. मात्र ते फुकट आहे असे समजणारा या शास्त्रात कच्चा राहिला. त्याची परतफेड वस्तुरूपात होते. कोल्हापूरकडून जाताना गूळ न्यावा लागतो, येताना कुंदा मिळतो. गूळ आपण दिलेला असतो, कुंदा त्यांनी दिलेला असतो, इथपर्यंत व्यापारतोल बरोबर. पण घरी परतल्यावर शेजारी, वरच्या मजल्यावरच्या काकू आणि ऑफिसातले लोक ‘बेळगावला गेलात आणि कुंदा नाही?’ असे विचारणार, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा कुंदा विकत घ्यावा लागतो. संपूर्ण सहलीतला सर्वात मोठा खर्च हाच, आणि तो अशा लोकांवर होतो जे सहलीला आलेले नसतात.

दूध चुलीवर विसरून राहिले, आटले, तांबूस झाले आणि त्यातून कुंदा जन्मला, अशी त्याची कथा सांगतात. ती खरी असो वा नसो, आमच्या दृष्टीने बोधप्रद आहे : दूध आटते तसे आकारमान घटते आणि भाव वाढतो. मांडे नेऊ नयेत. ते अप्रतिम असतात, परंतु एसटीच्या फळीवर ठेवलेला मांडा संकेश्वरला चुरा होऊन उतरतो. गोकाकचा करदंट मात्र पडला, आपटला, वर कोणी बसले तरी टिकतो आणि विहीरसूत्राच्या सर्वात जवळ जातो.

प्रेक्षणीय स्थळांचे मूल्यमापन करण्यासाठी आम्ही ‘रुपये प्रति शतक’ हे नवे एकक सुचवतो. प्रवासखर्चाला स्थळाच्या वयाने भागायचे. बेळगावचा किल्ला आणि त्यातली कमल बस्ती ही 1204 सालची, रट्टांच्या राजवटीतली. म्हणजे आठ शतकांवर. बस्तीच्या छताला दगडी कमळ आहे, त्याला 72 पाकळ्या, भूत, वर्तमान आणि भविष्य या तीन काळांतल्या चोवीस-चोवीस तीर्थंकरांसाठी. मान वर करून मोजायला पैसे पडत नाहीत. मान आखडते, त्याला बाम घरून न्यावा. त्याच किल्ल्यात सफा मशीद आहे आणि रामकृष्ण आश्रम आहे. स्वामी विवेकानंद ऑक्टोबर 1892 मध्ये बेळगावात राहून गेले. एका तिकिटात जैन, मुसलमान आणि वेदान्ती, त्यामुळे भागाकार आणखी खाली येतो. खानापूर तालुक्यातले हलशी तर कदंबांच्या वेळचे. तिथे रुपये प्रति शतक इतके कमी होतात की माणसाला उगाच श्रीमंत वाटू लागते. याच्या विरुद्ध टोकाला सुवर्ण विधानसौध. ती ऑक्टोबर 2012 मध्ये उघडली. अजून पाव शतकही झालेले नाही, त्यामुळे या एककाने ती किल्ल्यापेक्षा तिसपटीहून महाग पडते. महामार्गावरून गाडीतून दिसते तेवढी बघावी.

कित्तूर बेळगावहून पन्नासेक किलोमीटरच्या आत. 23 ऑक्टोबर 1824 रोजी राणी चेन्नम्माच्या सैन्याने इंग्रजांचा कलेक्टर थॅकरे मारला. तो त्याच आडनावाच्या प्रसिद्ध इंग्रज कादंबरीकाराचा चुलता, हे मुंबईच्या पाहुण्यांना सांगावे. त्यांना या आडनावात जास्त गोडी असते.

गोकाकला एकक बदलून ‘रुपये प्रति फूट’ करावे लागते. धबधबा 171 फूट. ऑगस्टमध्ये गेल्यास हा भागाकार उत्तम येतो. मे महिन्यात गेल्यास पाणी नसते, छेद शून्य होतो आणि खर्च अनंत. तरीही मे महिन्यातच लोक जातात, कारण शाळेला सुट्टी असते. साहित्यप्रेमींना तर आणखी सोपे आहे : तवंदी हे इंदिरा संतांच्या माहेरचे गाव घाटात गाडीतूनच पार होते, आणि निपाणीत ज्यांनी पिठाची गिरणी चालवत कथा-कादंबऱ्या लिहिल्या त्या महादेव मोरे यांची पुस्तके वाचनालयात मिळतात. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात पु. ल. देशपांडे शिकवायला होते. त्यांच्या ‘गणगोत’मधले रावसाहेब याच गावचे, आणि त्यांच्यासारखे बोलणारे दोन तरी गृहस्थ अजून कोणत्याही चहाच्या टपरीवर फुकट ऐकायला मिळतात.

निपाणीजवळच्या महामार्गाला मात्र आम्ही कोणतेच एकक लावलेले नाही. मार्च 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूचे शेतकरी भावासाठी बायकापोरांसह त्या रस्त्यावर येऊन बसले. तीन आठवडे बसले. 6 एप्रिलला गोळीबार झाला आणि बारा शेतकरी मेले. गाडी तिथून सुसाट जाते.

राहिला राखीव निधी. सीमाभागात तो कशासाठी लागतो हे बाहेरच्यांना समजत नाही. एखाद्या बसला कुठेतरी काळे फासले जाते, एखाद्या कंडक्टरशी भाषेवरून हुज्जत होते, आणि संध्याकाळपर्यंत दोन्हीकडच्या गाड्या बंद. डिसेंबर 2022 मध्ये हे झाले, फेब्रुवारी 2025 मध्येही झाले. अशा वेळी सगळे अधिकरण कोलमडते : शून्य रुपयांचे तिकीट हातात, आणि गाडी हद्दीच्या अलीकडेच थांबलेली. तेव्हा वडाप. तो त्या दिवशी माणशी किती म्हणेल याचे सूत्र मांडण्याचा आम्ही प्रयत्न केला, पण ते तापमानावर अवलंबून असल्याचे दिसते. 1 नोव्हेंबरला प्रवास ठेवूच नये. त्या दिवशी एका बाजूचा राज्योत्सव असतो आणि दुसऱ्या बाजूचा काळा दिवस, आणि चहाची टपरी दोन्ही बाजूंनी बंद.

शेवटी सुट्टे पैसे, या शास्त्रातले अद्याप न सुटलेले कोडे. कंडक्टरकडे सुट्टे नसले की तो उरलेली रक्कम तिकिटाच्या मागे लिहितो आणि ‘उतरताना घ्या’ म्हणतो. समजा, बेळगावला पाठीमागे सात रुपये लिहिले. त्यातले किती कर्नाटकात जमा धरायचे आणि किती महाराष्ट्रात? टप्प्यांच्या प्रमाणात वाटणी करावी, असे एका मताने सुचवले जाते. दुसरे मत असे की यूपीआय आल्यापासून प्रश्नच उरलेला नाही. पण हे मत मांडणाऱ्याचा मोबाइल नेमका घाटात बंद पडलेला होता. तिसरे मत सासूबाईंचे. त्यांचे वय 77, तिकीट त्यांना हद्दीपर्यंतच लागले होते, आणि त्यांनी सात रुपयांसाठी कंडक्टरला निपाणीपासून कागलपर्यंत तीनदा हाक मारली. कागलला उतरताना त्यांना दहाची नोट मिळाली, वरचे तीन रुपये देण्यास त्यांनी नकार दिला आणि हिशेबाच्या वहीत ती रक्कम जमेच्या बाजूला लिहायला लावली.